पिशवी ओता पलंगावर: घरातली औषधं बिनधोक घेण्याची रीत

मामीच्या पायांना सूज आली होती म्हणून बघायला गेले. पाऊल दाबलं की खळगा पडत होता. "सूज उतरायची गोळी दिलीय गं, पण नुसतं बाथरूमला पळावं लागतंय. परवा पहाटे उठले तर भोवळच आली," मामी म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या सगळ्या गोळ्या आण बघू. ती आतून एक कापडी पिशवी घेऊन आली. कुठल्याशा लग्नात मिळालेली, वरती वधूवरांची नावं. पलंगावर ओतली तर बावीस पाकिटं. काही अर्धी कापलेली, काहींना रबरबँड, एकात तर फक्त एकच गोळी शिल्लक.

त्या ढिगात ॲम्लोडिपिन, म्हणजे बीपीचं औषध, दोनदा होतं. एक गावातल्या डॉक्टरांनी लिहिलेलं, ब्रँडच्या नावाचं. दुसरं भावाने पुण्यातल्या जनऔषधी केंद्रातून आणलेलं, स्वस्त पडतं म्हणून. एकावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव, दुसऱ्यावर नुसतं औषधाचं. गोळ्यांचा आकार वेगळा, पाकिटाचा रंग वेगळा. मामीला वाटलं, दोन औषधं आहेत. एक सकाळी, एक रात्री. पाचाच्या जागी रोज दहा एमजी पोटात. ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, डोस वाढला की जास्त येते. ती सूज बघून दुसऱ्याच एका डॉक्टरांनी लघवी वाढवायची गोळी दिली, कारण घरी दोन-दोन चालू आहेत हे त्यांना कोण सांगणार? त्या गोळीने बीपी आणखी उतरलं, म्हणून पहाटेची भोवळ.

यात कुणी हलगर्जी केली नव्हती. डॉक्टरांनी आपली चिठ्ठी बघितली, दुकानदाराने आपलं बिल, भावाने किंमत. अख्खी पिशवी एकत्र कुणी बघितलीच नव्हती. मी एकोणीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे आणि बहुतेक घोटाळे मी असेच बघितलेत. गोळी चांगली असते, चिठ्ठी बरोबर असते, घोटाळा होतो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. आणि सगळीकडे हजर असलेला माणूस एकच, खुद्द पेशंट. किंवा त्याच्या गोळ्या काढून देणारी सून, मुलगी, नवरा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारा अपाय कमी करायची मोहीम काढली, तेव्हा तीन जागांवर बोट ठेवलं होतं: जोखमीची औषधं आणि जोखमीचे प्रसंग, एकाच माणसाला चालू असलेली ढीगभर औषधं, आणि एका दवाखान्यातून दुसरीकडे जाण्याची वेळ. मामीच्या पलंगावर यातल्या दोन तर उघड्याच पडल्या होत्या.

पहिलं काम: सगळं बाहेर काढा

रविवारी सकाळी तासभर काढा. पिशवी, फ्रिजचा दरवाजा, देवघराचा कप्पा, पर्स, गाडीचा डॅशबोर्ड, उशीखालचा बाम, सगळं एका चादरीवर येऊ द्या. सिरप, डोळ्यांचे थेंब, मलम, इनहेलर, काढे, चूर्ण, प्रोटीनचे डबे, ऑनलाइन मागवलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. "हे काय औषध नाही" म्हणून काही बाजूला ठेवू नका.

आता पाकीट वाचायचं. मोठ्या अक्षरातलं नाव बहुधा कंपनीने ठेवलेलं, ते सोडून द्या. बहुधा बारीक अक्षरात असलेलं मूळ नाव हेच खरं औषध. चष्म्याने दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. एका पाकिटावर दोन-तीन औषधं असू शकतात, शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्यांत तर हे नेहमीचंच. सगळ्या पाकिटांची बारीक नावं जुळवून बघा. एकच नाव दोनदा आलं की ती दोन्ही पाकिटं वेगळी काढून डॉक्टरांना दाखवायची. कुठली ठेवायची हे आपण ठरवायचं नाही.

नावापुढची शेपटी वाचायला विसरू नका. एसआर, एक्सआर, ईआर म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. फोर्ट, प्लस, डीएस असेल तर त्यात औषध जास्त आहे किंवा जोडीला आणखी काही आहे. शुगरच्या गोळ्यांत एम१ आणि एम२ एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या पाकिटात येतात, फरक तेवढ्या आकड्याचा. रांगेत चार माणसं उभी असताना माझीसुद्धा नजर त्या आकड्यावरून घसरलीय. दोनदा. दोन्ही वेळा गिऱ्हाइकाने पकडलं.

एक्स्पायरी ०६/२०२६ असेल तर जूनची शेवटची तारीख धरायची. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, मग शेजाऱ्याला त्याने कितीही गुण आलेला असो. आणि ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपणाऱ्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आलाय. तो मोबाइलने स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, तारखा दिसतात. पाकिटावरच्या मजकुराशी ते जुळायला हवं.

दुसरं: एक कागद

ॲप नको, वही नको. एक कागद. ॲप मुलाच्या फोनमध्ये राहतं आणि मुलगा असतो ऑफिसात.

कागदावर वरती नाव, वय, वजन, कुठल्या औषधाची ॲलर्जी (पेनिसिलिन, सल्फा, एखादी दुखण्याची गोळी, आणि तेव्हा नक्की काय झालं होतं ते: पुरळ उठलं, ओठ सुजले की नुसतं मळमळलं), किडनी-लिव्हरचा काही त्रास, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती. खाली एकेक औषध. मामीच्या कागदावरची एक ओळ अशी आहे: "मेटफॉर्मिन ५०० एसआर. शुगरसाठी. सकाळी नाश्त्यानंतर १, रात्री जेवणानंतर १. अख्खी गिळायची. गावातले डॉक्टर, मार्चपासून."

या ओळीतलं "शुगरसाठी" सगळ्यात मोलाचं. गोळी कशासाठी आहे हे ठाऊक असलेल्या पेशंटच्या हातात चुकीचं पाकीट गेलं तर तो थबकतो. "माझी तर थायरॉइडची असते, ही कसली?" असं तो विचारतो. ज्याला नुसती "ती पांढरी छोटी" ठाऊक असते तो घेऊन जातो. कंपनी बदलली की पांढरीची पिवळी होते, हेही आलंच.

कशासाठी ते सांगता येत नाही अशी गोळी कागदावर निघाली तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. मामीच्या कागदावर अशी तीन प्रश्नचिन्हं होती. एक होती ॲसिडिटीची गोळी, चार वर्षांपूर्वी दहा दिवसांसाठी दिलेली. तेव्हापासून चालूच.

कागदाची एक प्रत पैशांच्या पाकिटात, एक कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, एक फोटो मुलांच्या फोनवर. काही बदललं की तारीख टाकून जुनी ओळ खोडायची.

डॉक्टरांसमोर

ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटंही नसतात, तेव्हा कागद आधी त्यांच्यासमोर ठेवा, मग खुर्चीत बसा. ते विचारोत न विचारोत, या गोष्टी सांगायच्याच: दुसऱ्या डॉक्टरांची औषधं, होमिओपॅथी-आयुर्वेदिक काय चालू आहे, दारू-तंबाखू, दिवस गेलेत किंवा तसा विचार आहे, बाळ अंगावर पितं, आणि कुठली गोळी तुम्ही गुपचूप बंद केलीय. हे शेवटचं सांगायला माणसं फार लाजतात. पण ते लपवलं तर डॉक्टरांना वाटतं गोळी लागू पडत नाही, आणि ते डोस वाढवतात.

"घरचंच आहे" म्हणून काढे सांगायचे राहतात. ज्येष्ठमध घ्या. घसा बसला की आपण कांडी चघळतो, त्याला काही हरकत नाही. पण रोज काढ्यात पडत राहिलं तर ज्येष्ठमधाने बीपी चढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. बीपीची आणि लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाला हे महागात पडतं. कारल्या-जांभळाचं चूर्ण शुगरच्या गोळीच्या जोडीला घेणाऱ्यांनीही तोंड उघडून सांगावं.

चिठ्ठीवरच्या खुणा समजून घेतल्या की अर्धी भीती जाते. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एसओएस म्हणजे लागेल तेव्हाच, रोज नाही. एसओएसची गोळी वर्षभर रोज घेणारे मी बघितलेत.

उठण्याआधी तीन गोष्टी विचारा: ही कशासाठी, किती दिवस, आणि काय झालं तर मी थांबवून तुम्हाला फोन करू? मग आपण काय समजलो ते त्यांना म्हणून दाखवा. "म्हणजे ही सकाळी उपाशीपोटी, पंधरा दिवस, बरोबर?" चूक असेल तर तिथेच सुधारते.

एका औषधाबद्दल मात्र मी थोडं थांबून सांगणार. मेथोट्रेक्सेट. संधिवाताला, सोरायसिसला देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्याला गोळी म्हटलं की रोज, ही सवय. ती रोज घेतली गेली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जीवही जातो. त्यात जोडीला फॉलिक ॲसिड दिलेलं असतं आणि दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळ्या नि बारीक. पाकिटावर जाड मार्करने वार लिहा: "फक्त रविवारी". वार कुठला ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि महिन्याला चार-पाच गोळ्यांपलीकडे घरात साठा ठेवू नका. डॉक्टरांनी एका दिवशी दोन-तीन गोळ्या घ्यायला सांगितलं असेल तर त्या हिशोबाने, पण तोही मोजून.

मेडिकलच्या काउंटरवर

आम्हा दुकानदारांना राग येईल, पण लिहिते: पाकीट पिशवीत टाकण्याआधी दुकानातच जुळवून बघा. कागदावरचं नाव, एमजी, शेपटी. "हे नाही, त्याच्यातलंच दुसऱ्या कंपनीचं देतो" असं म्हटलं तर बारीक नाव आणि एमजी दोन्ही तेच आहेत का ते बघा. तेच असेल तर हरकत नाही, फक्त घरी आल्यावर कागदावर नवं नाव लिहा आणि जुनं पाकीट आधी संपवा. फिट्सची औषधं, थायरॉइडची आणि रक्त पातळ करायची गोळी यांची कंपनी मात्र दर महिन्याला बदलू नये. बदलावी लागली तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सुट्या गोळ्या घेताना एक्स्पायरी आणि नाव राहील असा तुकडा मागा. आम्ही कापतो घाईत, आणि तारीख बऱ्याचदा आमच्याकडच्या तुकड्यावर राहते. तसं झालं तर बिलावर बॅच आणि एक्स्पायरी असते, म्हणून बिल घ्याच आणि औषध संपेपर्यंत ठेवा. पुढे कुठली बॅच खराब निघाल्याची बातमी आली तर तुमच्याकडे काय आहे ते कळण्याचा तोच मार्ग.

काही अँटिबायोटिक, झोपेच्या आणि टीबीच्या औषधांसाठी आम्ही चिठ्ठी मागतो, वहीत डॉक्टरांचं नि तुमचं नाव लिहितो. २०१४ पासून तो नियमच आहे, ती वही तीन वर्षं जपावी लागते. "ओळखीचा असून चिठ्ठी मागते" म्हणून रुसू नका.

आणि खेड्यापाड्यात दवाखान्यातून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, त्यावर नाव नसतं. नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, नावं तेवढी लिहून द्या, मला बीपीची चालू आहे." जो लिहून द्यायला राजी नाही त्याची पुडी मी तरी घेणार नाही. गुडघेदुखी, दमा एका रात्रीत पळवणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत, "ताकदीच्या" गोळ्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. भूक लागते, चेहरा गरगरीत होतो, माणसं म्हणतात तब्येत सुधारली. शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि महिनोन्महिने घेऊन एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. गजकर्णावर मलम मागणाऱ्यांनाही हेच सांगते. खाज लगेच थांबवणाऱ्या मिश्र मलमात बहुतेक स्टिरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी आत पसरत राहते.

घरी घेताना

थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने. आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं, कारण डोळे उघडायच्या आत चहा हवा. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. लोहाची गोळीही चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते. तिला लिंबूपाणी चालतं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक दुधाबरोबर घ्यायची नाहीत. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारूचा थेंब नको.

एसआर-एक्सआर गोळी चावायची, कुटायची नाही. दिवसभरात सुटायचं औषध एका तासात अंगात शिरतं. म्हाताऱ्यांना गिळता येत नाही म्हणून सुना खलबत्त्यात कुटून मधातून देतात, प्रेमाने देतात. पण आधी विचारा, त्याच औषधाचं सिरप किंवा विरघळणारी गोळी मिळते का.

गोळी राहून गेली तर? साधारण नियम असा: आठवली की घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. शुगरच्या गोळ्या, इन्शुलिन आणि रक्त पातळ करायच्या गोळीसाठी मात्र डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा.

आता उपवास. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण शुगरवाल्यांनी गंभीरपणे घ्यावी. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, या दिवशी शुगर चढतेच. पण खरा धोका उलट बाजूचा. नवरात्रात नऊ दिवस जवळजवळ काही न खाणारी बाई नेहमीसारखी ग्लिमेपिराइड घेते. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही, शुगर उतरवतच राहते. दरदरून घाम, हात थरथर, बोलणं बरळल्यासारखं. घरचे म्हणतात, अंगात आलं. अशा वेळी शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, मग काहीतरी खायला द्या. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. आणि डॅपाग्लिफ्लोझिन जातीची शुगरची गोळी चालू असेल तर कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. उपवासाच्या आठवडाभर आधी फोन करून "त्या दिवशी कुठली गोळी घेऊ, कुठली नको" हे विचारून घेण्यात देवाचा काही अपमान होत नाही.

जुलाब-उलट्यांनी माणूस गळून गेला असेल तेव्हाही हाच फोन करायचा. शुगर, बीपी आणि लघवीच्या काही गोळ्या त्या दोन दिवसांत किडनीवर ताण आणतात.

दुखण्याच्या गोळ्यांचं तर विचारू नका. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आमच्याकडे चणे-फुटाण्यासारखे खपतात. बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वरून ही, अशा तिहेरी माऱ्याने किडनी बसते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य, पण त्याचा हिशोब ठेवावा लागतो. तापासाठी ६५० ची गोळी चार वेळा, म्हणजे २,६००. सर्दीची गोळी तीन वेळा, तिच्यात ५०० पॅरासिटामॉल लपलेलं, म्हणजे १,५००. झाले ४,१०० एमजी. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा आहे ४,०००, आणि वजन कमी, लिव्हर नाजूक किंवा दारू असेल तर त्याहून पुष्कळ कमी.

इन्शुलिन: टोपीचा रंग बघा

आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुधा ४० युनिट प्रति एमएल असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं १००. ४० च्या सिरिंजची टोपी लाल, १०० च्या सिरिंजची केशरी. पेन बिघडला म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं तर २० च्या रेघेपर्यंत अर्धा एमएल येतं, म्हणजे प्रत्यक्षात ५० युनिट. अडीच पट. उलट केलं, ४० ची बाटली नि केशरी सिरिंज, तर २० च्या जागी ८. बाटलीवरचा आकडा, सिरिंजवरचा आकडा आणि टोपी, तिन्ही जुळल्याशिवाय सुई टोचायची नाही. कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायचंच नाही, हे सगळ्यात सोपं.

दुधाळ इन्शुलिन तळहातांमध्ये दहा वेळा हळू घोळवा, जोरात हलवू नका. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. गोठलं की गेलं. उघडलेलं साधारण चार आठवडे चालतं, उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. फ्रिज नसेल किंवा दिवसाचे आठ तास लाइट नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीला ठेवा.

लेकरांचं औषध

चहाचा चमचा मापाचा नसतो. सिरपबरोबर आलेली मापाची टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. तापाचं पॅरासिटामॉल तीन प्रकारांत मिळतं: थेंबांच्या बाटलीत १ एमएलमध्ये १००, एका सिरपमध्ये ५ एमएलमध्ये १२५, आणि दुसऱ्यात ५ एमएलमध्ये २५०. डॉक्टरांनी बाळाला १५० एमजी सांगितलं असेल तर थेंबांचे दीड एमएल, पहिल्या सिरपचे सहा, दुसऱ्याचे तीन. म्हणून "पाच एमएल दे" एवढंच लक्षात ठेवून घरात सापडेल ती बाटली उघडू नका. थेंबांच्या बाटलीतून पाच एमएल गेले तर ते ५०० झाले. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध तर बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायलाच २०११ पासून बंदी आहे.

खोकल्याच्या सिरपचं सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लेकरं विषारी सिरपने गेली. त्यांतली कितीतरी आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आणलेली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, किडनी निकामी करणारं. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेलं होतं, तेव्हा १४ रुग्ण दगावले. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत, पाच वर्षांखाली शक्यतो टाळायची. औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या लागल्या, ते सुस्त पडलं तर बाटली बरोबर घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. बाटली फेकू नका.

ॲडमिट होऊन घरी आल्यावर

सगळ्यात जास्त घोळ या आठवड्यात. डिस्चार्ज कार्डवर नवी यादी असते, घरी जुनी पिशवी वाट बघत असते. बिल भरायला नातेवाईक पळालेला, रिक्षा दारात उभी. तरीही दहा मिनिटं काढा आणि सिस्टरला किंवा डॉक्टरांना आपला कागद दाखवून एकेका ओळीवर विचारा: ही चालू, ही बंद, हिचा डोस बदलला? बंद झालेल्यांची पाकिटं घरी गेल्या गेल्या पिशवीतून काढा. स्टेंट बसवलेल्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या मिळतात. त्या दात काढायचाय म्हणून किंवा सुनेच्या मावशीने सांगितलं म्हणून थांबवायच्या नाहीत, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. ज्यांना रक्त पातळ करायचं वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल आहे त्यांनी पीटी-आयएनआरची (रक्त किती पातळ झालंय ते बघायच्या तपासणीची) तारीख चुकवू नये. पालेभाजी खावी, पण आठवडाभर रोज मेथी-पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं करू नये.

त्रास झाला तर

ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर फोड नि तोंडात चट्टे आले, डोळे पिवळे झाले, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना शी डांबरासारखी काळी झाली, तर थांबायचं नाही. (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.) बाकीच्या त्रासांत गोळी मनाने बंद करण्याआधी फोन करा. बीपीच्या काही गोळ्या, फिट्सच्या, स्टिरॉइड, मानसिक आजाराच्या गोळ्या एकदम सोडल्या तर उलटतात.

नवा त्रास सुरू झाला की एक सवय लावा: गेल्या महिन्याभरात कुठली नवी गोळी लागली ते कागदावर बघायचं. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. अशी माणसं आमच्याकडून महिनाभर खोकल्याची बाटली नेत राहतात. मामीच्या सुजेचं तेच झालं होतं.

औषधाने अपाय झाला असं वाटलं तर सरकारला कळवता येतं. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे हे काम आहे, फुकटचा फोन १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. पेशंटने भरायचा फॉर्म मराठीतही आहे. औषध बनावट वाटलं तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात पाकीट नि बिल घेऊन जा.

राहिली ठेवायची जागा. ओटा, बाथरूम, खिडकी, गाडी नको. कपाटातला वरचा कप्पा, नातवंडांचा हात पोचणार नाही असा. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिन्याने फेकून द्या. जुन्या गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवायच्या, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात द्यायच्या. पाकीट कात्रीने आडवं कापायचं, कुणी पुन्हा भरायला नको.

मामीच्या बावीस पाकिटांची, डॉक्टरांना कागद दाखवून, नऊ झाली. एक ॲम्लोडिपिन बंद झालं, लघवीची गोळी गेली, ॲसिडिटीचीही. पंधरा दिवसांत घोटे दिसायला लागले. मागच्या महिन्यात ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांनी कागदाचा फोटो काढून घेतला, हे तिने मला तीनदा सांगितलं. वधूवरांच्या नावाची पिशवी आता कोथिंबीर आणायला जाते.